खोबरेल तेल आणि नाटकातलं रिव्हॉल्वर

हे रिव्हॉल्वर खरं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. सिंगापूरमध्ये बसून कुणी घरी रिव्हॉल्वर दुरुस्त केल्याच्या गोष्टी लिहायला लागला तर वाचणारा दचकायचा. जस्ताच्या ओतकामाचं, हातात घेतलं तर बऱ्यापैकी जड लागणारं, नळी आतून भरीव आणि टोक केशरी रंगवलेलं, असं ते खेळण्यातलं रिव्हॉल्वर होतं. आमच्या मराठी मंडळाने वीस-बावीस वर्षांपूर्वी एका नाटकासाठी ते सेकंडहँड घेतलं होतं. तेव्हाच्या सेक्रेटरीने, उगाच भानगड नको म्हणून, पोलिसांचं पत्रसुद्धा आणून ठेवलं होतं.

यंदा मंडळाने पाया लेबार भागातली सामानाची खोली सोडायचं ठरवलं आणि ग्रुपवर निरोप आला : जुनं सामान आहे, हवं त्याने घेऊन जावं. मी गेलो. पुठ्ठ्याच्या ढाली, केसांचे टोप, एक कापडी वडाचं झाड आणि त्याखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात रिव्हॉल्वर आणि घडीवर घडी पडून पिवळं झालेलं ते पत्र. काळा रंग पोपडे येऊन उडाला होता. चाप हलत नव्हता. मुठीचा एक भाग चिरला होता.

खोली रिकामी करणारी सेक्रेटरी माझ्या नातीपेक्षा जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठी. ती म्हणाली, "काका, हे खरं नाही ना?"

"नाही गं."

"तरी एमआरटीने नका नेऊ हं. कुणी बघितलं तर आपला पुढचा गणपती पोलीस स्टेशनात लाह." इथे वाढलेल्या पोरांच्या वाक्याला हे सिंगापुरी 'लाह' शेपटासारखं लागतंच.

मी मेट्रोऐवजी टॅक्सी केली. पत्र शर्टाच्या खिशात आणि डबा मांडीवर. खिडकीबाहेर पर्जन्यवृक्षांच्या कमानी एकामागून एक सरकत होत्या, आणि आपण कुठून कुठे चाललो आहोत हे थोडा वेळ माझ्या लक्षात राहिलं नाही.

ते मी का आणलं, हे सांगायचं तर एका नवरा-बायकोबद्दल सांगावं लागेल. नवरा माझा मित्र. चोआ चू कांगला राहतो, सत्तरी ओलांडली आहे. त्या नाटकानंतर त्याने पुन्हा कधी तोंडाला रंग लावला नाही. त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, पाच वर्षांपूर्वी गेली. नवऱ्याचं नाटक आपल्या हातून बिघडलं असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं. हे दोन्ही माझ्या एका वाक्यामुळे झालं. ते वाक्य खरं होतं की खोटं, हे मला रिव्हॉल्वर उघडून बघायचं होतं.

आपण खरं बोललो की खोटं, हे माणसाला ठाऊक असतं, असं कुणी म्हणेल. पहिली दोन-तीन वर्षं असतंही. पण एकच गोष्ट पन्नास वेळा सांगितली की ती सांगताना जे दिसतं तेच घडलेलं वाटायला लागतं. त्या संध्याकाळचा एक लहानसा आवाज माझ्या आठवणीत कधी असायचा, कधी नसायचा. पाण्याखाली पडलेलं नाणं जसं कधी दिसतं आणि कधी नुसता उजेड असतो, तसं.

नाटक दसऱ्याच्या कार्यक्रमात होतं. माझ्या मित्राने त्यात एका निवृत्त मास्तरांचं काम केलं होतं. मुलीच्या आयुष्याचं वाटोळं करणाऱ्या माणसाला मास्तर शेवटच्या प्रवेशात गोळी घालतात. हॉलमध्ये टिकल्या फोडायला परवानगी नव्हती, म्हणून गोळीचा आवाज विंगेतून काढायचा होता, आणि ते काम माझं. मी मेकॅनिकल इंजिनियर असल्यामुळे मंडळात अशी कामं आपोआप माझ्याकडे यायची. सहा फुटी फळी घेतली. एक टोक माझ्या पायाखाली, दुसऱ्या टोकाला दोरी. दोरीने फळी उचलून धरायची आणि सोडायची. कानठळ्या बसतील असा आवाज यायचा. मध्ये काळा पडदा असल्यामुळे मला स्टेज दिसत नव्हतं. पण मित्राची जागा माझ्या विंगेला अगदी लागून होती. त्याने चाप ओढला की रिव्हॉल्वरचा घोडा खट् करून पडायचा. खट् ऐकू आलं की फळी सोडायची, इतकं सोपं. तालमीत एकदाही चुकलं नाही.

गोळी झाडण्याआधी मास्तर बोलतात. मुलीच्या लहानपणीच्या चपला त्यांनी जपून ठेवलेल्या असतात, त्याबद्दल. दरवर्षी एक जोड, पाय वाढला की धुऊन ठेवलेला. तालमीत तो हे भाषण बऱ्यापैकी करायचा, कधी घाईघाईनेही. त्या दिवशी त्याला काय झालं होतं कुणास ठाऊक. तो इतका हळू बोलायला लागला की पडद्याच्या अलीकडे मी श्वास धरला. तो चपलांच्या अंगठ्यांबद्दल बोलत होता आणि मला माझ्या स्वतःच्या मुलीचे पाय दिसत होते. हॉलमध्ये कुणी खोकत नव्हतं. हातातली दोरी कधी हलकी झाली मला कळलं नाही. फळी तर उचललेलीच होती. मी उभा होतो आणि नव्हतोही.

मग काहीच झालं नाही. बराच वेळ.

पडद्यापलीकडे पुन्हा हालचाल. शांतता. आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेतून एका पोराचा स्पष्ट आवाज : "अंकल, बँग लाह!"

एक जण हसला, मग दहा, मग सगळा हॉल. ज्याला गोळी लागायची होती तो बिचारा गोंधळून तसाच खाली पडला. तो पडल्याचा धप्प आवाज ऐकून मी भानावर आलो आणि फळी सोडली. मेलेल्या माणसाला गोळी लागली. मग जे हसू उठलं ते नाटक संपल्यावर जेवणाच्या रांगेतसुद्धा थांबलं नव्हतं.

रंगपटात माझा मित्र खुर्चीवर बसला होता. मिशी निघाली होती, गोंद ओठावर तसाच होता. त्याने मला विचारलं, "तुला खट् ऐकू नाही आलं?"

दहा-बारा माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "आलंच नाही. घोडा अडकला असणार."

"कसा अडकेल? सकाळी तर चालत होता. पण तेव्हा खट् झालं की नाही, मला शपथेवर नाही सांगता यायचं, मी भाषणातच होतो."

"तेल कसलं घातलं होतंस?"

तो आठवायला लागला. "मी नाही घातलं. काल खंडेनवमी होती ना, हिने पूजेत ठेवलं होतं. तेव्हा तिने लावलं असेल काहीतरी."

आमच्यात खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. इथे फ्लॅटमध्ये हत्यारं म्हणजे पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, कात्री आणि लॅपटॉप. त्या वर्षी घरात खरोखर शस्त्रासारखं दिसणारं काहीतरी होतं, म्हणून वहिनीने ते हौसेने पाटावर मधोमध मांडलं होतं, आणि लोखंडाला तेलाचं बोट लावावं म्हणून लावलं होतं. खोबरेल. तिच्या देवघरात तेच असायचं.

"मग झालं तर," मी म्हणालो. "या हॉलचा एसी बघ किती आहे. खोबरेल थिजलं आत. इथल्या उबेत परत पातळ झालं असेल."

एवढंच ते वाक्य. कुणी शंका घेतली नाही. तिथल्या प्रत्येकाने लहानपणी थंडीत थिजलेली खोबरेलाची बाटली उन्हात नेऊन ठेवलेली होती. सिंगापूरमध्ये ती कधी थिजत नाही, म्हणून तर कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि एका इंजिनियरच्या आलं! लोकांनी माझी पाठ थोपटली. मित्राचं नाव त्या दिवसापासून 'खोबरेल' पडलं. गणपतीला, कोजागिरीला, कुणाच्या बारशाला, "या खोबरेलराव, आज एसी कमी ठेवलाय तुमच्यासाठी." तो हसायचा. मीही हसायचो. पुढच्या वर्षी नाटकात काम देऊ केलं तेव्हा "आता नको, ऑफिसचं फार आहे" म्हणाला. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही.

काही महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेलो होतो. तो खाली काहीतरी आणायला गेला होता. वहिनी पोह्यांची बशी माझ्यासमोर ठेवून उभीच राहिली. "भावजी, खरंच माझ्या तेलामुळे झालं का हो?"

मी नाही म्हणू शकलो असतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "वहिनी, थंडीत ते थिजतंच. तुमचा काय दोष त्यात?"

दोष नाही म्हणता म्हणता तो मी तिच्या पदरात बांधला. तिने मान हलवली आणि लिंबाची फोड आणायला आत गेली.

तर ते रिव्हॉल्वर मी या वर्षी घरी आणलं. क्वीन्सटाउनचा आमचा फ्लॅट जुना आहे, स्वयंपाकघराची खिडकी मोठी. दुपारी जेवणं झाली, बायको आडवी झाली की मी टेबलावर वर्तमानपत्र पसरायचो. तीनच्या सुमाराला तिथे एक उजेड येतो, धड पिवळा नाही, धड हिरवा नाही, समोरच्या झाडांतून गाळून आल्यासारखा. कुठेतरी एक कोकिळ एकच प्रश्न चढत्या आवाजात विचारत राहतो. त्या उजेडात हात आपले वाटत नाहीत. माझे हात काम करत होते आणि मी लांबून बघत होतो, असे कितीतरी दिवस गेले.

चार स्क्रू होते. तीन सुटले, चौथ्याची खाच झिजलेली होती. त्यावर रोज गंज सोडवायच्या स्प्रेचे दोन थेंब आणि रोज एक प्रयत्न. पाचव्या दिवशी तो असा सहज फिरला की जणू आधी माझीच चूक होती. आतली स्प्रिंग तांबूस झाली होती, ती तारेच्या काथ्याने घासली. घोड्याची पिन काढून पुसली. फिरणारी चक्री कोमट साबणाच्या पाण्यात ठेवली तर पाणी चहासारखं झालं. घाई नव्हती. खरं तर मला ते काम संपायला नको होतं. जोवर ते उघडं पडलं होतं तोवर माझं वाक्य खरंही असू शकत होतं.

मुठीवर जाळीदार नक्षी होती. जुन्या टूथब्रशने ती घासताना ब्रशच्या केसांना लाल रंग लागला. मला वाटलं गंज. पण मूठ प्लास्टिकची, तिला गंज कुठून येणार? चष्मा वर करून बघितलं. नक्षीच्या बारीक खाचांत कुंकू होतं. वीस वर्षं बिस्किटांच्या डब्यात, वडाच्या झाडाखाली, ते तसंच राहिलं होतं. मी ब्रश खाली ठेवला. त्या दिवशी पुढे काही केलं नाही. मूठ मग मी घासली नाही, फक्त चीर इपॉक्सीने सांधली. नळीला काळा रंग दिला, केशरी टोक तसंच ठेवलं.

जोडणी झाली. चाप ओढला. खट्! स्वच्छ, कोरडा आवाज. आता शेवटची परीक्षा उरली होती. मी देवघरातलं खोबरेल घेतलं आणि घोड्याच्या सांध्यात, स्प्रिंगवर, जिथे जिथे जाईल तिथे भरपूर घातलं. वहिनीने लावलं असेल त्याच्या दसपट. आणि ते फ्रिजमध्ये ठेवलं.

तासाभराने बायको उठली.

"अहो, कोथिंबिरीशेजारी हे काय ठेवलंय?"

"रिव्हॉल्वर."

"ते दिसतंय मला. का ठेवलंय?"

"थंड करतोय."

तिने फ्रिजचं दार लावलं. "मग दह्यावर कलंडू देऊ नका," म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

संध्याकाळी बाहेर काढलं. हाताला बर्फासारखं लागत होतं. सांध्यात तेल पांढरं, मेणासारखं घट्ट झालेलं दिसत होतं. कुठल्याही हॉलचा एसी इतका थंड नसतो. आवाज येऊ नये, असं मला किती वाटत होतं ते लिहून सांगता येणार नाही. या वयात मी देवाकडे काही मागत नाही, तेव्हा मागितलं. चाप ओढला.

खट्.

किंचित बसका होता, पण आला. पुन्हा ओढला, पुन्हा आला. आणि त्याबरोबर ती संध्याकाळ पाण्याच्या तळातून वर आली. काळा पडदा, पायाखालची फळी, मित्राचा आवाज थांबलेला, आणि माझ्या उजव्या कानाशी अगदी स्पष्ट, खट्. मी ते ऐकलं होतं. ऐकूनही उभा राहिलो होतो, कारण सगळ्या हॉलसारखा मीही गोळीच्या आवाजाची वाट बघत होतो. तो आवाज मीच करायचा आहे, हे मित्राने मला विसरायला लावलं होतं.

बायकोला सगळं सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवून एवढंच विचारलं, "त्यांना फोन करताय की जाताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चोआ चू कांगला गेलो. मित्राने दार उघडलं, डबा बघून हसला. "काय, बिस्किटं?"

मी रिव्हॉल्वर त्याच्या हातात दिलं. त्याने ते उजेडाकडे धरलं, चक्री फिरवली. "चकाचक केलंस की रे. आता तरी वाजतं का?" आणि चाप ओढला. वाजलं.

"तेव्हाही वाजलं होतं," मी म्हणालो.

"काय?"

"त्या दिवशी. खट् झालं होतं. मला ऐकू आलं होतं."

"मग फळी का नाही सोडलीस?"

"ऐकत होतो."

"ऐकत होतास तर सोडायची ना, गाढवा!"

"तुला ऐकत होतो. चपलांचं बोलत होतास ते. मला वाटलं आता गोळी सुटेल. मी वाट बघत राहिलो. माझ्या हातात दोरी आहे हेच डोक्यातून गेलं. मग तू विचारलंस तेव्हा सगळे बघत होते, आणि मी तेलावर ढकललं."

तो रिव्हॉल्वर मांडीवर घेऊन खुर्चीत बसला. खाली कुठेतरी गवत कापायचं मशीन चालू होतं. मग तो हळूच म्हणाला, "म्हणजे मी बरं करत होतो."

"बरं? मी स्वतःला विसरलो."

"एवढं एक वाक्य तेव्हा बोलला असतास तर," तो म्हणाला. मग एकदम त्याचा आवाज बदलला. "आणि ही? हिने त्यानंतर घरातल्या कशाला तेलाचा हात लावला नाही. दाराच्या बिजागऱ्या कुरकुरायच्या तरी नाही. मी हसायचो तिला. चारचौघांत सांगायचो, आमच्या हिने शिवणयंत्राला तेल घालायचीसुद्धा धास्ती घेतलीय म्हणून. मी, कळलं का? लोकांचं सोड. तू मला तिच्यावर हसायला लावलंस."

क्षमा माग असं मनात येत होतं, पण जिची मागायची ती भिंतीवर होती, हार घातलेली.

"तू आता जा," तो म्हणाला. रागाने नाही. थकलेल्या माणसासारखा. रिव्हॉल्वर त्याच्या मांडीवरच होतं. मी निघालो.

तीन आठवडे फोन नाही. मीही केला नाही. दुपारी टेबलावर वर्तमानपत्र पसरायची सवय लागली होती, ते पसरून नुसता बसायचो. मग एका सकाळी त्याचा फोन आला. नमस्कार वगैरे काही नाही.

"लिहून काढ सगळं. मंडळात उभं राहून सांगू नकोस, परत हसतील. लिहिलेलं माणूस एकटा वाचतो. नावं घालू नकोस, तिला आवडायचं नाही. आणि छापायला देण्याआधी मला दाखव."

मी लिहिलं. त्याच्या घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या शेडमध्ये, आम्ही भेटलो. त्याने कॉफी बाजूला सारली, चष्मा पुसला आणि कागद वाचायला घेतले. फ्रिजच्या जागी त्याच्या तोंडाचा कोपरा हलला. पोह्यांच्या जागी तो थांबला, आणि ते पान त्याने दोनदा वाचलं. शेवटी कागद सारखे करून माझ्यापुढे ठेवले.

"ती कुठे होती ते लिहिलं नाहीस."

"मला कुठे दिसत होतं? मी विंगेत."

"मला दिसत होतं. लिहून घे."

त्याने सांगितलं तसं लिहितो. वहिनी पाचव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसली होती. हिरवी साडी, केसांत शेवंती. सगळा हॉल हसत होता तेव्हा ती उभी राहिली. मागचे लोक बसा बसा म्हणत होते. ती त्याच्याकडे बघत पडदा पडेपर्यंत तशीच उभी होती.